विश्लेषण : बायोडेटातला रक्तगट आणि न विचारलेले तीन प्रश्न

तुळशीचे लग्न लागले की नांदेड-लातूरकडच्या घरांत मोबाइलवर बायोडेटा फिरू लागतात. जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, शेती, मामकूळ आणि त्याखाली हमखास एक ओळ : रक्तगट. पूर्वी त्या जागी नाडी आणि गण एवढेच असत. आता पत्रिका न मानणारी घरेही रक्तगट मात्र बघतात. ‘दोघांचा गट एकच निघाला हो, राहू द्या,’ एवढ्या एका वाक्यावर जमत आलेले स्थळ परत जाते. ‘एक नाडी म्हणजेच एक रक्तगट’ असे सांगणारेही गावोगावी भेटतात.

रक्ताविषयी लग्नाआधी विचारावेत असे तीन प्रश्न आहेत. आरएच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? दोघांचे आधीचे नाते किती जवळचे? सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे का? ‘दोघांचा गट सारखा आहे का’ हा प्रश्न या यादीत बसत नाही. नेमका तोच विचारला जातो आणि बाकीचे तीन राहून जातात. असे का, हे समजण्यासाठी एखाद्या प्रदेशातील लोकांचे रक्तगट पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकतात आणि कशाने बदलतात, हे पाहावे लागते.

रक्तगट ठरतो कसा?

व्हिएन्नातील डॉक्टर कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये माणसांच्या रक्ताचे तीन गट दाखवून दिले. चौथा, म्हणजे एबी, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या शोधासाठी लँडस्टायनर यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची एक साखळी असते. तिच्या टोकाला एका प्रकारची साखर जोडली गेली की गट ए, दुसऱ्या प्रकारची जोडली गेली की बी, दोन्ही असतील तर एबी आणि यातले काहीच जोडले नाही तर ओ.

प्रत्येकाला या गुणाचे दोन जनुक मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ए आणि बी दिसतात, ओ त्यांच्यामागे लपतो. त्यामुळे बी गटाच्या माणसाकडे ‘बी-बी’ अशी जोडी असू शकते किंवा ‘बी-ओ’ अशीही. आई बी, वडील बी आणि मूल ओ, हे सहज घडते. अहवाल हातात आल्यावर मुलाचा गट आई-बापाशी जुळत नाही म्हणून घरात कुजबुज सुरू होते. तिच्यामागे बहुतेक वेळा हा लपलेला ओ असतो.

आरएचचा शोध १९४० मधला. पेशीवर ‘डी’ नावाचा घटक असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. येथेही निगेटिव्हचा जनुक लपून राहतो, म्हणून दोघे पॉझिटिव्ह असलेल्या आई-वडिलांना निगेटिव्ह मुलगी होऊ शकते. ‘निगेटिव्ह’ या शब्दात कमतरतेचा किंवा आजाराचा कसलाही अर्थ नाही. एक घटक नाही, एवढेच तो सांगतो.

नवरा-बायकोचा गट एकच असेल तर काय बिघडते?

काहीच बिघडत नाही. ते साध्या गणितानेही पटते. देशातील रक्तदात्यांच्या नोंदींवरून दिसणारे ढोबळ चित्र असे : ओ आणि बी गट शंभरात प्रत्येकी ३५ च्या आसपास, ए गट २२-२३ आणि एबी सात-आठ. उत्तरेत बी पुढे असतो, दक्षिणेत ओ. मराठवाडा या दोन पट्ट्यांच्या सांध्यावर आहे.

या प्रमाणात, गट न पाहता लग्ने झाली तर दोघांचाही गट ओ निघण्याची शक्यता शंभरात सुमारे १२, दोघांचाही बी असण्याची तेवढीच, दोघांचा ए असण्याची पाच आणि दोघांचा एबी असण्याची एकापेक्षा कमी. बेरीज तीसपर्यंत जाते. म्हणजे दर दहा जोडप्यांपैकी तीन जोडपी एकाच गटाची असणार. हा दोष असता तर प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वाड्यावर त्याचे परिणाम दिसले असते. मागच्या पिढीतील कोणत्याही घरात आजी-आजोबांचे गट तपासून पाहिले तर समान गटाची सुखी जोडपी भरपूर सापडतील. त्यांच्या लग्नात कोणी गट विचारला नव्हता, एवढाच फरक.

नाडीचा संबंधही जुळत नाही. नाड्या तीन आणि त्या जन्मनक्षत्रावरून ठरतात. रक्तगट चार आणि ते आई-वडिलांच्या जनुकांवरून ठरतात. एकाच दिवशी, एकाच नक्षत्रावर एकाच दवाखान्यात जन्मलेल्या दोन बाळांची नाडी एक असते, पण रक्तगट वेगवेगळे असू शकतात. नाडी मानायची की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग. तिला रक्तगटाचा आधार देता येत नाही, एवढे मात्र नक्की.

भारतात ‘बी’ गट इतका कसा?

ही गोष्ट पहिल्या महायुद्धात लक्षात आली. ग्रीसमधील सलोनिका येथे दोस्त राष्ट्रांच्या फौजा तळ देऊन होत्या. तेथे काम करणाऱ्या लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड या डॉक्टर दाम्पत्याने वेगवेगळ्या देशांच्या हजारो सैनिकांचे रक्त तपासले. त्यात ब्रिटिश फौजेतील भारतीय जवानही होते. १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधातील आकडे थक्क करणारे होते. इंग्रज सैनिकांत बी गट शंभरात सात, तर भारतीय सैनिकांत ४१. देशागणिक रक्तगटांचे प्रमाण वेगळे असते, हे जगाला तेव्हा प्रथमच आकड्यांत दिसले.

हिर्शफेल्ड यांनी त्यावरून ए आणि बी हे दोन वेगळ्या मानववंशांतून आले असावेत असा अंदाज बांधला. तो पुढे टिकला नाही. ए आणि बीचा भेद वानरकुळातही आढळतो. म्हणजे तो माणूस घडण्यापूर्वीचा आहे. कोणत्याही गटावर कोणत्याही समाजाची मालकी नाही. फरक आहे तो फक्त प्रमाणाचा. दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांत जवळजवळ सगळेच ओ, जपानमध्ये ए सर्वाधिक, उत्तर भारतात बी पुढे. पूर्वज किती होते, कोठून आले, कोणत्या आजारांतून वाचले आणि कोणाशी सोयरीक केली, याचा हा साठत गेलेला हिशेब आहे.

पिढ्यांबरोबर हे प्रमाण बदलते का?

ओ जर लपतो तर तो हळूहळू संपून जाईल, असे वाटणे साहजिक आहे. या कोड्याचे उत्तर १९०८ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे दिले. एक जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग आणि दुसरे इंग्रज गणिती जी. एच. हार्डी, ज्यांना भारतीय वाचक श्रीनिवास रामानुजन यांचे पाठीराखे म्हणून ओळखतात. मोठ्या लोकसंख्येत गट न पाहता लग्ने होत राहिली, बाहेरून कोणी आले-गेले नाही आणि एखाद्या गटाला जगण्यात विशेष फायदा-तोटा नसेल, तर जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. लपलेला गुण मरत नाही. तो पुढे दिला जातो आणि योग्य जोडी मिळाली की पुन्हा दिसतो.

प्रत्यक्षात या अटी पुरत्या पाळल्या जात नाहीत, म्हणून प्रमाण सरकते. एक कारण आजार. मलेरियाचा जीवघेणा प्रकार ओ गटाच्या माणसांना तुलनेने कमी होतो, तर कॉलरा त्यांना अधिक जोराने गाठतो. साथींनी भरलेल्या शतकांत याचा परिणाम साठत जातो. दुसरे कारण स्थलांतर. तिसरे आणि भारतात सर्वांत वजनदार कारण म्हणजे लग्नाच्या सीमा.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेले एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय उपखंडातील समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले आणि त्यानंतर आपापल्या गटात लग्न करण्याची पद्धत घट्ट झाली, असे त्यात जनुकांच्या आधारे दिसले. महाराष्ट्रात हा विचार त्याहून जुना आहे. एल. डी. संघवी आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४९ च्या सुमारास मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांचा रक्तगटांसह सात आनुवंशिक गुणांच्या आधारे अभ्यास केला. इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची अशीच तुलना प्रसिद्ध केली. शेजारी राहणारे, एकच भाषा बोलणारे, एकाच दर्जाचे मानले जाणारे गटही लग्ने वेगळी ठेवल्याने प्रमाणात वेगळे राहतात, हे त्यातून पुढे आले.

या निष्कर्षाचा कोणी भलता अर्थ काढू नये. फरक सरासरीचे आहेत. प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात चारही गट असतात, आणि योग्य तपासणीनंतर कोणत्याही समाजातील बी गटाचे रक्त कोणत्याही समाजातील बी गटाच्या रुग्णाला चालते. रक्तपेढीच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, आडनाव नव्हे.

नांदेड-लातूरमध्ये कोण कोण मिसळले?

हा पट्टा सांध्यावरचाच आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. देगलूर-बिलोलीच्या सोयरिकी तेलंगणात आणि उदगीर-निलंग्याच्या बिदरकडे आजही होतात. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये नांदेडला निर्वाण झाले आणि पुढे गोदाकाठी शीख वस्ती रुजली. किनवट-माहूरच्या डोंगरांत आंध, गोंड, कोलाम, परधान राहतात. तांडे आहेत, लिंगायत आणि मुस्लिम वस्तीची जुनी गावे आहेत. अलीकडच्या काळात बारावी आणि नीटच्या तयारीसाठी हजारो मुले दरवर्षी लातूर-नांदेडला येतात, तर कामासाठी तेवढीच माणसे पुणे-मुंबईकडे जातात.

पण नुसत्या येण्या-जाण्याने प्रमाण फारसे हलत नाही. माणसे शेजारी राहतात, एका वर्गात शिकतात, एका बसमधून जातात. जनुक मिसळतात ते लग्नानंतर. सोयरिकीच्या सीमा जुन्याच राहिल्या तर शंभर वर्षांच्या शेजारानंतरही रक्तगटांचे प्रमाण आपापल्या जागी राहते. म्हणून लग्नाआधीचे ते तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पहिला प्रश्न : आरएच निगेटिव्ह आहे का?

युरोपात शंभरातले सुमारे १५ लोक आरएच निगेटिव्ह असतात, भारतात पाचच्या आसपास. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार. देशाची सरासरी लावली तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे २ लाख ९० हजार माणसे निगेटिव्ह असतील. त्यांपैकी निम्म्या मुली आणि बायका.

येथे प्रमाणाचा एक उलटा परिणाम होतो. निगेटिव्ह माणसे कमी, म्हणून निगेटिव्ह मुलीचा नवरा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता शंभरात ९५. म्हणजे हा प्रश्न थोड्या जणींचा, पण त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीचा.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणाच्या वेळी बाळाच्या पेशी आईच्या रक्तात जाऊ शकतात. आईचे शरीर त्यांना परके समजून प्रतिपिंडे तयार करते. पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. पुढच्या गरोदरपणात ती प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला तीव्र कावीळ, रक्तक्षय, कधी पोटातच मृत्यू. ‘पहिले चांगले झाले, नंतरची टिकली नाहीत,’ अशा जुन्या घरगोष्टींतील काहींच्या मागे हे कारण असू शकते. दोष मात्र सुनेच्या पायगुणाला लागला.

याला १९६० च्या दशकाअखेरपासून उपाय आहे : अँटी-डी इंजेक्शन. गरोदरपणात २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. गर्भपात झाला तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यावे लागते, आणि हीच वेळ सर्वांत जास्त चुकते. कारण गर्भपाताविषयी घरात बोललेच जात नाही. निगेटिव्ह मुलीसाठी निगेटिव्ह नवरा शोधत बसण्याची काहीच गरज नाही. गरज आहे ती गट लपवून न ठेवण्याची आणि ७२ तासांचे घड्याळ लक्षात ठेवण्याची. ‘निगेटिव्ह’ वाचून स्थळे परत गेली की घरचे तो शब्द खोडतात, आणि पुढे त्याच मुलीच्या दुसऱ्या बाळाला त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा प्रश्न : दोघांचे आधीचे नाते काय?

मराठी मुलखात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरच्या अभ्यासात तिची नोंद केली आहे. दक्षिणेला लागून असलेल्या मराठवाड्यात आते-मामे भावंडांची लग्ने तर होतातच, काही घरांत मामा-भाचीचीही होतात. मुलगी डोळ्यांसमोर राहते, सासू आत्याच असते, हुंड्याचा ताण कमी पडतो, जमीन घरात राहते. ही कारणे खोटी नाहीत. रक्ताचा हिशेब मात्र वेगळा आहे.

तो समजण्यासाठी महाराष्ट्राचेच उदाहरण उत्तम. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या एका नव्या रक्तप्रकाराची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. या माणसांना चारपैकी कोणत्याच गटाचे रक्त जुळत नव्हते, ओ सुद्धा नाही. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ घटकच त्यांच्या पेशींवर नव्हता. हाच ‘बॉम्बे रक्तगट’. जगात तो दहा लाखांत एखाद्याला, भारतात साधारण दहा हजारांत एकाला असतो. महाराष्ट्र आणि दक्षिणेकडील राज्यांत तो तुलनेने अधिक आढळतो.

दहा हजारांत एक या प्रमाणाचा अर्थ असा की, साधारण पन्नासातला एक माणूस हा जनुक लपवून वागवतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. परक्या दोघांचे लग्न झाले तर दोघांकडेही तोच जनुक असण्याची शक्यता फार कमी. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा सामाईक असतात, म्हणून एकच जनुक दोन्ही बाजूंनी मुलापर्यंत पोहोचू शकतो. आनुवंशिकीतील नेहमीचे सूत्र लावले तर अशा लग्नात बॉम्बे गटाचे मूल होण्याची शक्यता दहा हजारांत एकाऐवजी सुमारे सात होते, मामा-भाचीच्या लग्नात तेरा. तरीही ती लहानच, हे खरे. पण हेच सूत्र थॅलेसेमियासारख्या प्रत्येक लपलेल्या आजाराला लागू पडते आणि दोन-तीन पिढ्या नात्यातच लग्ने होत गेली तर ओझे वाढत जाते.

बॉम्बे गटाच्या माणसाला तसा काही त्रास नसतो. धोका असतो तो रक्त चढवताना. शिबिरातील साध्या चाचणीत हा गट ‘ओ’ म्हणूनच दिसतो आणि कार्डावर तसेच लिहिले जाते. रक्तद्रवाची उलट चाचणी आणि जुळवणी नीट केली तरच तो उघड होतो. अशा माणसाला साधे ओ रक्त दिले तर जिवावर बेतते. दोन्ही जिल्ह्यांत मिळून अशी पाच-सहाशे माणसे असावीत, असे देशाच्या सरासरीवरून निघते. त्यांतील बहुतेकांच्या खिशात ‘ओ पॉझिटिव्ह’चे कार्ड असेल.

तिसरा प्रश्न : सिकलसेलची तपासणी झाली का?

सिकलसेल हा रक्तगट नाही, हिमोग्लोबिनचा दोष आहे. पण तोही तसाच लपतो आणि तसाच पुढे जातो. ज्याच्याकडे त्याचा एकच जनुक आहे तो ‘वाहक’. त्याची तब्येत सहसा ठणठणीत असते आणि मलेरियापासून त्याला काही प्रमाणात संरक्षणही मिळते. म्हणूनच जंगलपट्ट्यात हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला. विदर्भातील गोंड, कोलाम, परधान आणि इतरही अनेक समाजांत तो आढळतो आणि त्याच वस्तीचा धागा किनवट-माहूरपर्यंत येतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक. मग सांध्यांच्या असह्य वेदना, वारंवार रक्तक्षय, पुन्हा पुन्हा रक्त चढवणे.

ज्याला वारंवार रक्त लागते त्याच्या शरीरात ए-बी-ओ पलीकडच्या छोट्या रक्तप्रकारांविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात. पुढे जुळणारे रक्त मिळणे अवघड होत जाते, आणि ते त्याच्याच समाजातील दात्याकडून मिळण्याची शक्यता अधिक असते. इंग्लंडची आरोग्यसेवा सिकलसेलच्या रुग्णांसाठी कृष्णवर्णीय दात्यांना खास आवाहन करते ते याच कारणाने. किनवटच्या रुग्णासाठी सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर नांदेडला भरणारी शिबिरे पुरेशी नाहीत; किनवटमधूनही दाते उभे राहावे लागतील.

१ जुलै २०२३ रोजी केंद्राने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आणि सात कोटी लोकांची तपासणी अशी तिची व्याप्ती आहे. तपासणीचा खरा उपयोग लग्नाआधी आहे. दोन मुले झाल्यावर आलेला अहवाल दु:खाचे कारण सांगतो, ते टाळू शकत नाही.

मग करायचे काय?

पहिले काम घराघरांत. बायोडेटातील रक्तगटाची ओळ राहू द्यावी, पण समान गट म्हणून स्थळ मोडणे बंद व्हावे. अपघातात, बाळंतपणात ती ओळ उपयोगी पडते. लग्न जुळवताना तिला मत नाही.

दुसरे काम आरोग्य खात्याचे. जिल्ह्यातील गटांचे चित्र हवे असेल तर रक्तदान शिबिरांच्या वह्या पुरत नाहीत. शिबिरात प्रामुख्याने तरुण पुरुष असतात. लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातील दाते बीड, परभणी, सोलापूरचेही असतात. हिमोग्लोबिन साडेबारापेक्षा कमी म्हणून बायका परत पाठवल्या जातात. खरे चित्र दुसरीकडे आहे. प्रत्येक गरोदर बाईचा रक्तगट तपासला जातो आणि माता-बाल कार्डावर लिहिला जातो. नाव, जात न घेता त्या नोंदींची तालुकावार बेरीज केली तर मुखेडला किती, औशाला किती, माहूरला किती निगेटिव्ह माता दरवर्षी असतात हे कळेल. अँटी-डी किती कोठे ठेवायचे, निगेटिव्ह दात्यांची यादी कोठे कमी पडते, हे त्यावरून ठरेल. आज साठा किती हे ई-रक्तकोषवर दिसते. पुढच्या वर्षी गरज किती, हे या कार्डांत आहे.

तिसरे काम रक्तपेढ्यांचे. नात्यातील लग्नांचे प्रमाण असलेल्या भागात ‘ओ’ म्हणून नोंदलेल्या प्रत्येक दात्याचा गट दोन्ही बाजूंनी तपासला जावा, आणि बॉम्बे गट निघाला तर त्या माणसाला आणि त्याच्या भावंडांना ते नीट समजावून सांगावे. भावंडांत तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रक्तविज्ञान संशोधनाची संस्था आहे. दुर्मीळ गटांची खात्री करून घेण्यासाठी जिल्ह्यांना कायमचा दुवा तेथपर्यंत हवा.

नवा रकाना, नवा कलंक?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. बायोडेटात उद्या ‘सिकलसेल : वाहक’ असे लिहिले गेले तर काय होईल? मुलाचे लग्न होईल, मुलीचे मोडेल. आज समान गटावरून स्थळे मोडतात, उद्या वाहक म्हणून मोडतील. ही भीती खरी आहे, आणि ती दुर्लक्षून केलेली कोणतीही मोहीम मुलींच्याच अंगावर येईल.

त्यावर मार्ग आहे. तपासणी स्थळ पाहण्याच्या आधी, अकरावी-बारावीच्या वयात, मुले-मुली दोघांची आणि निकाल फक्त त्या व्यक्तीच्या हातात. वाहकाने वाहकाशी लग्न टाळले की पुरते. वाहक नसलेल्या कोणाशीही लग्न झाले तर त्या जोडप्याच्या मुलांना हा आजार होत नाही. ही माहिती मोठ्याने सांगितली गेली तर ‘वाहक’ या शब्दाची धार जाते. जेथे हजारो मुले डॉक्टर होण्यासाठी दिवस-रात्र जीवशास्त्र पाठ करतात, त्या लातूर-नांदेडमध्ये हे सांगणारे कमी नाहीत. मेंडेलची गणिते परीक्षेत चार गुणांसाठी सोडवणाऱ्या मुलीला तेच गणित स्वतःच्या लग्नात मांडण्याचा हक्क असावा.

रक्तगटांचे प्रमाण कोणत्याही सरकारने ठरवलेले नाही. हजारो वर्षांच्या सोयरिकींनी ते ठरवले आणि पुढच्या पिढीचे प्रमाण यंदाच्या लग्नसराईत ठरणार आहे. मोबाइलवर आलेल्या पुढच्या बायोडेटात ‘बी पॉझिटिव्ह’ दिसले आणि घरातला मुलगाही बी पॉझिटिव्ह असला, तर ती ओळ सोडून पुढे वाचावे. विचारायचे प्रश्न तिच्याखाली लिहिलेले नसतात. ते दोन्ही घरांना एकमेकांसमोर बसूनच विचारावे लागतात.